न उघडलेला नट

माजं नाव भानुदास, पन ह्या जामखेड-खर्डा रोडला भानुदास कुठं राहतो म्हनून इचारलं तर कोन सांगनार न्हाई, भानू मिस्त्री म्हना, मंग चहावालाबी लांबनंच बोट करील. बसा ताई, त्या खुर्चीवर बसा, ती मजबूत हाय. आन एक करा, बाजूला नका बसू, समोर बसा, तोंड दिसलं पायजे मला तुमचं. का ते पुढं सांगतो. मदीच काय इचारलंत आन मी तसाच बोलत राहिलो तर राग मानू नका, हात वर करा, मी थांबंन.

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडं आत, गावातनं किल्ला दिसतो लांब, पन आमाला त्याचं काय, लहानपनी तिकडं शेरडं घेऊन जायचो तेवढंच. रान माळाचं, तिघा भावांत मी धाकटा, आन मला रानाचं काय येड नव्हतं, मशीनचं येड. गावात पाटलाचा एकच ट्रॅक्टर हुता, त्यो शिवारात कुठंबी चालू झाला की मी हातातलं काम ठिवून ऐकत उभा राहायचो, आन सांगायचो, आज ह्याचा आवाज येगळा हाय. भाऊ हसायचे. मंग दोन दिवसांनी त्यो बंद पडायचा. आई म्हनायची ह्याचा कान लई तिखट हाय. तसा हुताच.

लग्न लवकर झालं, एकविसाव्या वर्षी, आन लग्न झाल्यावर मी शिकायला गेलो, उलटंच झालं माजं. आमच्या मंडळीचं नाव कौसल्या. तीच म्हनली, जावा तुमी नगरला, शिकून या, आत्याबाईंचं मी बघते. आता नगरचं नाव बदललं, अहिल्यानगर झालं, पन माज्या तोंडात नगरच बसलंय, काय करता. तिथं स्टेशन रोडच्या मागं बाबूभाई उस्तादचं ग्यारेज हुतं. त्यो उस्ताद इंजिनाला हात लावत नव्हता. फकस्त गेअर बॉक्स आन क्राऊन. म्हनायचा, इंजिनाचे मिस्त्री ढीगभर हायेत, ह्याचे न्हाईत.

क्राऊन म्हंजी काय, तर तुमी जीपच्या मागं वाकून बघा, दोन चाकांच्या मदी खाली भोपळ्यावानी एक लोखंडी गोळा असतो, त्याच्या पोटात दात्याची चाकं असतात, इंजिनाकडनं आलेला फेरा ती आडवा करून चाकांना देतात, आन वळनावर बाहेरच्या चाकानं जास्त फिरावं, आतल्यानं कमी, ही सोयबी त्याच्यातच. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हनतात. ती सगळी दात्याची चाकं तेलात बुडालेली पायजेत, नव्वद नंबरचं तेल, दाट, काकवीसारखं. गेअर बॉक्सलाबी तसंच, तिथंबी तेलच. आता इंजिनाचं ऑईल सगळे बघतात, कारन त्याला दांडी असती, काढली, फडक्याला पुसली, बघितली. ह्या जीपच्या क्राऊनला दांडी नसती ताई. त्याला खाली झोपावं लागतं. कपडे खराब होतात. म्हनून कोन बघत न्हाई. आन ते बिचारं वरडतबी न्हाई, संपत संपत जातं गप.

उस्तादनं शिकवलं ते अजून तसंच करतो. गाडी सपाटीवर उभी पायजे, उतारावर न्हाई. थोडी चालवून आनायची, तेल कोमट व्हायला, मंग जरा थांबायचं, तेल खाली बसतं. नटाच्या कडंची माती आधी पुसून घ्यायची, न्हाईतर तीच आत जाती. आन आधी वरचा नट उघडायचा, मंग खालचा. का? तर खालचा उघडून सगळं तेल सोडलं आन वरचा गंजून बसलेला निघालाच न्हाई तर नवं तेल घालनार कुठनं? वरचा उघडला की त्यात बोट घालायचं, वाकवून. बोटाच्या पेराला तेल लागलं, भोकाच्या कडंपतुर आलेलं असलं, तर बरोबर. मंग ते तेल उन्हात धरून बघायचं. चंदेरी बारीक भुकटी असली तर चालतं, दातं झिजतातच. कन लागला हाताला तर दात तुटाय लागलेत. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पानी शिरलंय. आन वास घ्यायचा, जळका वास आला तर लई उशीर झालाय.

पन माजं नाव झालं ते बोटानं न्हाई, कानानं. मी मागच्या सीटवर बसायचो, डोळे झाकायचो, ड्रायव्हरला म्हनायचो दाब, आता सोड, आता नुसती घरंगळू दे. दाबल्यावर घुमतं का सोडल्यावर घुमतं, ह्यावरनं मला कळायचं आत काय बिघडलंय, दात का बेरिंग. गाडी खाली उतरवायच्या आधी सांगायचो आन उघडल्यावर तेच निघायचं. नगरहून परत येऊन इथं पत्र्याचं शेड टाकलं तवा लोक नुसते बघायला यायचे. पार कर्जतकडनं, नेवाशाकडनं गाड्या आल्यात माज्याकडं. मला मोठेपना वाटायचा, खोटं कशाला सांगू.

सर्जेराव माजा पहिला गिऱ्हाईक. ह्याच रोडला त्याची काळी-पिवळी हुती, वडापची जीप, खर्डा ते जामखेड, दिवसाला चार फेऱ्या. माज्याच वयाचा. लई बोलका मानूस, फेऱ्यांच्या मदी इथं येऊन बसायचा आन गाडीत कोन बसलं, कोन कुनाशी भांडलं, कुनाच्या पोरीचं जमलं, सगळं सांगायचा. मला भाऊ दोन, पन खरं सांगू का, भाऊ त्योच. भान्या म्हनायचा मला, दुसरं कोन म्हनत न्हाई.

आता कानाचं. पंचावन्न छप्पन वय असंल, पहिल्यांदा कुकरची शिट्टी गेली. मंग पाखरं. मला वाटायचं पाखरंच कमी झाली, झाडं तोडली ना रोडला. मंडळी म्हनली, अवो तुमाला ऐकू येत न्हाई. मी म्हनलो तूच हळू बोलतीस. असं वरीसभर चाललं. मंग तिनं काय केलं, रोज ज्वारी न्हाईतर तूर निवडायला म्हनून सूप घेऊन इथं शेडात येऊन बसायला लागली. गिऱ्हाईक काय बोललं की ती मान वर न करता मोठ्यानं म्हनायची, मागनं घुमतंय म्हनत्यात हो ते, वळनावर कटकट करतंय म्हनत्यात. गिऱ्हाईकाला वाटायचं बाई लईच आगाऊ हाय. आन मला सगळं कळायचं. सहा वर्षं ताई, सहा वर्षं ती माजा कान हुती आन ह्या रोडला एका मानसाला पत्ता लागला न्हाई. सर्जेरावालाबी न्हाई. गाडी जाताना ती हमखास इचारायची, नट उघडला का? उघडला म्हनलं की मंगच गाडी जायची. मी डोळे झाकून ऐकल्याचं सोंग करायचो आन मंग गपचूप खाली झोपून तेल बघायचो, लोकांना वाटायचं मिस्त्री आता खात्री करतोय.

ती गेली चार वर्षांमागं. ताप आला, चार दिवसांत गेली. लोक म्हनले, भानू, घर कसं गप झालं रे. मी काय सांगू त्यांना, मला तर घर आधीपासनंच गप हुतं, तिचं तोंड हलताना दिसायचं ते बंद झालं. लेक एकच, सुनंदा, कर्जतला दिलीया, ती रोज फोन करायची. मला काय ऐकू यायचं न्हाई. मी आपला म्हनायचो, जेवलो, हां, हां, बरं हाय, ठिवतो. तिनं एकदा रडून काय सांगितलं असंल तर मी हां हां म्हनूनच ठिवला असंल. ती म्हनली बी मंग, की आईच्या मागं बाबा तुटक झाले. तुटक नव्हतो झालो. सांगायची लाज वाटायची. कानाचा मिस्त्री म्हनून ज्याचं नाव त्यानं बहिरा झालो म्हनून कुनाला सांगायचं?

ती गेल्यावर तीन महिने झाले असतील. सर्जेराव जीप घेऊन आला, सकाळची फेरी टाकून. चहाच्या टपरीवर पाचसहा जन हुते. त्यो काय तरी बोलला हात मागं करून, मला तेवढं कळलं की मागचा आवाज म्हनतोय. टपरीवरचे उठून आले, त्यातला एक जन त्याच्या पाव्हन्याला हातानं दावत हुता, डोळे झाकून, आता बघा म्हनून. आमी गेलो मोहरी गावाच्या बाजूला, दोन मैल गेलो आन आलो. मी मागं बसलेलो, डोळे झाकलेले. काय सांगू तुमाला. काळोख आन काय न्हाई. तळपायानं बघितलं, हातानं पत्रा धरून बघितला, पन जुनी जीप, तिचं सगळंच हालतंय. कशाचं काय कळंना.

परत आलो. सगळे तोंडाकडं बघत हुते. तवा मी म्हनू शकत हुतो, थांब रं, जरा खाली झोपून तेल बघतो. पाच मिन्टाचं काम. रोज करत हुतो ते. पन त्या दिवशी माज्या मनात आलं, आता खाली झोपलो तर हे इचारतील, मिस्त्री, काय ऐकलं? दात का बेरिंग? आन मला सांगता येनार न्हाई. नट उघडला का म्हनायला कोन नव्हतं. मी सर्जेरावाच्या पाठीवर थाप मारली आन म्हनलो, काय न्हाई, ठीक हाय, जा घेऊन. त्यो खूश झाला. त्यानं माजा खांदा हालवला आन गेला.

चौथ्या दिवशी खर्ड्याच्या अलीकडच्या उतारावर क्राऊन जाम झाला. चालत्या जीपची मागची चाकं जागच्या जागी बसली. जीप घासत गेली आन चारीत उजव्या अंगावर कलंडली. आत आठ मानसं. शाळेच्या एक बाई हुत्या, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. एका म्हाताऱ्याला डोक्याला टाके. जीव कुनाचा गेला न्हाई, ही देवाची किरपा. पन सर्जेरावाची सवय, उजवा हात कायम खिडकीच्या बाहेर. त्यो हात खाली आला. नगरला नेला, तीन बोटं काढली.

मी गेलो नगरला. त्यो खाटंवर, हाताला हे एवढं बँडेज, बायको उशाला, घरचे सगळे उभे. मला बघितलं आन त्यानं डाव्या हातानं जवळ बोलावलं. तोंडाजवळ तोंड आनून बोलला म्हनून मला कळलं. म्हनला, भान्या, तू काय मनाला लावून घेऊ नको. तू ऐकलं हुतंस ना? तुला काय लागलं न्हाई म्हंजी तवा काय नव्हतंच त्याच्यात. अचानक झालं. आन घरच्यांनी सगळ्यांनी माना हालवल्या. बायको म्हनली का कोन म्हनलं, यंत्राचा काय भरवसा. मी म्हनलो, व्हय. एवढंच म्हनलो. व्हय.

जीप ओढून इथंच आनली. मी एकट्यानं उघडली. वरचा नट काढला, बोट घातलं, कोरडं. खालचा काढला, वाटीभर काळं बाहेर आलं, त्याचा वास अजून माज्या नाकात हाय. खालच्या नटाला लोहचुंबक असतं, त्याला दाताचे तुकडे चिकटलेले. आन कारन काय, तर त्या गोळ्याच्या वर हवा जायला एक बारकी टोपी असती, आतली गरम हवा त्यातनं बाहेर पडती. त्या साली पुलाचं काम चालू हुतं, गाड्या वढ्यातनं जात हुत्या, त्या चिखलानं ती टोपी बुजलेली. हवेला वाट न्हाई म्हनल्यावर तिनं चाकाकडचं सील ढकललं आन तेल तिकडनं गेलं. चाकाच्या आतल्या अंगाला सगळं काळं ओघळलेलं. ताई, नट तर सोडाच, मी नुसता वाकलो असतो तरी दिसलं असतं.

मी ते सगळं डिझेलनं धुतलं. लोकांनी इचारलं तर सांगितलं दात तुटला, अचानक.

हात बरा झाल्यावर सर्जेराव गाडी चालवू शकत नव्हता, गेअर टाकताना उजव्या हातानं स्टेअरिंग कसं धरनार. जीप बदली ड्रायव्हरवर घातली आन त्यो रोज दुपारी हितं यायला लागला. ह्या इथं बसायचा, तुमी बसलाय तिथंच जवळपास. आन बोलायचा. दोन दोन तास बोलायचा. मला कळायचं कधी चार शब्द, कधी तेबी न्हाई. मी मान हालवायचो. त्यो हसला की हसायचो. आठ महिने. लोक म्हनायचे मिस्त्रीचा दोस्त लई जीवाचा, हात गेला तरी मनात काय ठिवलं न्हाई. आन मी त्याच्या समोर बसून त्या तीन बोटांच्या जागंकडं बघायचो. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याची माफी मागितली न्हाई ती माफी घेऊन बसलो हुतो, आन देनाऱ्याला ठावं न्हाई आपन कशाची दिली. त्या आठ महिन्यांत मी जेवढा एकटा हुतो ना, तेवढा कौसल्या गेल्यावरबी नव्हतो.

त्याला एक थोरली बहीन हुती, नेवाशाला दिलेली, आक्का. आई लहानपनी गेलेली, आक्कानंच वाढवला त्याला. मदी आठ दिवस त्यो आला न्हाई. मंग आला, बसला, आन खाली बघून म्हनला, आक्का गेली. मला वाटलं म्हनतोय आक्का आली. मी हसलो आन म्हनलो, बरं झालं की, तुला करमत नव्हतं, आता मजा हाय तुजी.

त्यानं वर बघितलं. लई येळ बघितलं. मंग काय केलं, डावा हात तोंडावर आडवा धरला, असा, आन हाताच्या मागनं काय तरी बोलला. मी मान हालवली. सवयच ती. त्यानं हात काढला आन तोंड मोठं करून इचारलं, मी काय म्हनलो?

मंग मला काय थांबता आलं न्हाई. सगळं सांगितलं. कुकरपासनं सांगितलं. कौसल्या तूर निवडायला का बसायची ते सांगितलं. त्यो ऐकत हुता. मंग त्यानं दोनच गोष्टी इचारल्या, मी जीप उघडली हुती त्या जागंकडं बोट दावून. त्या दिवशी? मी म्हनलो, त्या दिवशीबी काय ऐकू आलं न्हाई. तेल? मी म्हनलो, न्हाई बघितलं. त्यो उठला, चपला घातल्या, गेला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासनं मी सगळ्यांना सांगत सुटलो. टपरीवर सांगितलं, येईल त्या ड्रायव्हरला सांगितलं. त्या शाळेच्या बाईंकडं गेलो, खांद्याचं हाड मोडलं त्यांच्याकडं. मधल्या सुट्टीत वर्गात बसल्या हुत्या एकट्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्या रागावल्या, तोंडावरनं कळलं, लई बोलल्या, मंग त्यांच्या ध्यानात आलं की ह्याला काय ऐकू येईना. मंग वहीतलं पान घेतलं आन लिहून दिलं. कान तपासून घ्या. आणि यापुढे कानाच्या भरवशावर एकही गाडी रस्त्यावर सोडू नका. खाली लिहिलं, पाणी पिऊन जा.

मंग सुनंदाला बोलावून घेतलं, तिला तोंडानं सांगितलं. ती आधी भांडली, मंग रडली, मंग दवाखान्यात घेऊन गेली. हे मशीन बसवलं. पूर्वीसारखा कान न्हाई येत ह्यानं, गिचमिड येतं सगळं, पन समोरच्याचं तोंड आन हे मशीन मिळून भागतं. पहिल्या दिवशी घरी गेलो, दार वाजलं ते ऐकू आलं, माज्याच चपला ऐकू आल्या, भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. मी खाटंवर बसून वाट बघितली अजून काय ऐकू येतं त्याची. काय न्हाई आलं. मशीन लावल्यावर मला कळलं, घरात कोन न्हाई.

बाहेर ती पाटी वाचलीत ना? मला कमी ऐकू येते, समोर येऊन बोला. ती लावल्यावर निम्मी गिऱ्हाईकं गेली. जी राहिली त्यांची गाडी आली की आधी नट. मानूस काय बी सांगू दे, आधी खाली झोपतो, बोटाला तेल घेतो आन मालकाला दावतो, हे बघा, तुमच्या डोळ्यानं बघा, वास घ्या. वरची टोपी साफ करतो, सीलं बघतो. लोकांना कटाळा येतो. येऊ दे. आता नव्या गाड्यांचं येगळं हाय, आपोआप गेअर पडनाऱ्या, त्यांच्या गेअरचं तेल लाल असतं, पातळ, त्याला नव्वद नंबर चालत न्हाई. काहींना दांडी असती, काहींना तीबी न्हाई. मी पुस्तक मागतो गाडीचं, त्यात लिहिलेलंच तेल घालतो. ठावं नसलं तर सांगतो, मला ठावं न्हाई, दुसरीकडं न्या. हे म्हनायला मला साठ वर्षं लागली.

सर्जेराव दोन वर्षं आला न्हाई. मी गेल्तो त्याच्या घरी, तीनदा. एकदा त्याची बायको म्हनली, घरी न्हाईत, आन मला आत त्याचे पाय दिसत हुते. मी परत आलो. मंग न्हाई गेलो.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं जीप विकायला काढली. घेनारा कर्जतकडचा, त्याचं म्हननं, भानू मिस्त्रीनं तेल बघितल्याबिगर घेनार न्हाई. म्हनून त्याला यावं लागलं. बाजूच्या सीटवर बसून आला. खाली उतरला, तिकडं लिंबाखाली उभा राहिला. मी जीप सपाटीला घेतली, मशीन कानातनं काढून डबीत ठिवलं, तेल लागू नये म्हनून, आन खाली शिरलो. गेअर बॉक्स बघितला. मंग क्राऊनचा वरचा नट पुसला, उघडला. बोट घातलं. बरोबर पेराला तेल. सोन्यासारखं.

बघतो तर शेजारी त्याचे गुडघे टेकलेले. त्यो खाली वाकला हुता. मी सरकलो. त्यानं डावा हात आत घातला, बोट वाकवून त्या भोकात घातलं, काढलं, उन्हात धरलं. मंग फडक्याला पुसलं. आन उठता उठता काय तरी बोलला. माजं मशीन डबीत.

मी घाईनं बाहेर आलो. म्हनलो, काय म्हनलास? त्यो पाठमोरा चालला हुता. म्हनलो, सर्जा, मला न्हाई ऐकू आलं, काय म्हनलास? वाटलं जाईल तसाच. पन थांबला. वळून आला, पार हितं, माज्या तोंडासमोर आला, आन सावकाश, एक एक शब्द मला दिसंल असा बोलला. म्हनला, मी म्हनलो, तवा का न्हाई उघडलास.

कारन तर सगळं त्याला ठावं हाय, मीच सांगितलेलं. तरी त्यानं इचारलं, आन मला कळावं म्हनून परत येऊन इचारलं. मी तेलाचं बोट फडक्याला पुसत राहिलो. त्यानं थोडी वाट बघितली, मंग मान हालवली आन गेला. जीप गेली कर्जतला.

आता त्यो दर बुधवारी यष्टीनं जातो जामखेडला, बाजाराला, दवाखान्याला. खिडकीत बसतो. आधी शेड आलं की तोंड फिरवायचा. आता फिरवत न्हाई. हात करत न्हाई, हसत न्हाई, पन बघतो. पानाच्या टपरीपासनं त्या रस्त्याखालच्या मोरीपतुर, तेवढं बघतो. माज्यासाठी तेवढं लई हाय, का कमी हाय, मला अजून ठरवता येत न्हाई. ह्याच्या पुढचं मी मागत न्हाई.

तुमी एवढ्या लांबनं आलात, समोर बसून ऐकलंत, तुमचं भलं हुईल ताई, लेकराबाळांत सुखी राहाल. तुमची गाडी बघतो मी, गेअरचं तेल कधी बदललंय ते ठावं न्हाई म्हनलात ना, मंग तशी न्यायची न्हाई. सपाटीला उभी करा. पन जरा थांबा, आज बुधवार न्हाई का, यष्टी यायची येळ झाली. मी रस्त्यावर उभा राहून येतो. तुमी बसा, चहा सांगितलाय.